टायटल पेजवर नाव कुणाचं?

रात्री दोनपर्यंत जागून प्रेझेंटेशन तुम्ही केलंत. सकाळी मीटिंगमध्ये पहिल्या स्लाइडवर नाव मात्र बॉसचं! ओळखीचं वाटतंय ना? मग आयर्लंडमधली, दीडशे वर्षांहून जुनी ही गोष्ट तुम्हाला अजिबात परकी वाटणार नाही.

१८६१ मध्ये सॅम्युअल फर्ग्युसन या आयरिश कवीची एक कविता सचित्र पुस्तकाच्या रूपात आली. त्यातली नक्षी ‘बुक ऑफ केल्स’ आणि ‘बुक ऑफ डरो’ या हजार वर्षांहून जुन्या हस्तलिखितांवरून उतरवलेली. कवीचं नाव पूर्ण छापलेलं. आणि चित्रं काढणारीचं? फक्त ‘एम. एस.’. बस्स, दोन अक्षरं!

ही एम. एस. म्हणजे डब्लिनची मार्गारेट स्टोक्स. तेव्हा वय २९. वडील शहरातले नामांकित डॉक्टर. जॉर्ज पेट्री, लॉर्ड डनरेव्हन असे पुराणवस्तूंचे अभ्यासक त्यांचे दोस्त. ही मंडळी पडके चर्च, गोल मनोरे बघायला निघाली की मार्गारेटही सोबत जायची. तिचं कॉलेज म्हणाल तर हेच.

कारण खरं कॉलेज तिच्यासाठी बंद होतं. मोठा भाऊ व्हिटली ट्रिनिटी कॉलेजात शिकला, वकील झाला आणि चक्क आपल्याकडे आला. १८७७ ते १८८२ तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य होता. फ्लॅट घेताना ज्याचा संबंध येतो तो १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्ट त्याच्याच कारकिर्दीतला. जुन्या आयरिश भाषेचा पंडित म्हणूनही त्याचं नाव झालं. ट्रिनिटीचं दार मुलींसाठी उघडलं १९०४ मध्ये. मार्गारेट १९०० मध्येच गेली होती.

अर्धवट काम, पूर्ण मेहनत

पेट्री १८६६ मध्ये गेले, डनरेव्हन १८७१ मध्ये. दोघांचंही मोठं काम अर्धवट राहिलेलं. ते हातावेगळं केलं मार्गारेटनं. पेट्रींनी जमवलेले आयरिश शिलालेख तिनं दोन खंडांत आणले, डनरेव्हन यांचा आयरिश वास्तुकलेवरचा ग्रंथही दोन खंडांत. पुस्तकं त्यांची, ती संपादक. आयर्लंडच्या वास्तुकलेवर स्वतःच्या नावाचं पुस्तक आलं १८७८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी! १८८७ चं तिचं ‘अर्ली ख्रिश्चन आर्ट इन आयर्लंड’ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या हँडबुक मालिकेत निघालं. साठीत ती इटलीत आयरिश संतांच्या खुणा शोधत फिरली आणि त्यावरही पुस्तक लिहिलं.

१८७६ मध्ये रॉयल आयरिश अकॅडमीनं तिला मानद सदस्य केलं. मान दिला, पण नियमित सदस्यत्व बायकांना नव्हतंच.

पॅरिसहून आलेली पाहुणी

१९२६ मध्ये २४ वर्षांची एक पॅरिसची मुलगी आयर्लंड बघायला आली आणि तिथल्या दगडी क्रॉसच्या प्रेमात पडली. फ्राँस्वाज आँरी. १९३३ मध्ये आयरिश शिल्पकलेवर तिचा फ्रेंच ग्रंथ आला. मग ती डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवू लागली. पण नुसतं वर्गात बसणारी बाई नव्हे ही! पश्चिम किनाऱ्यापल्याडच्या इनिशकी बेटावर जाऊन तिनं उत्खनन केलं. तिथं सापडलेल्या शिंपल्यांच्या ढिगावरून, समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढणारी कार्यशाळा तिथं होती, असा तर्क तिनं मांडला.

१९४९ मध्ये अकॅडमीनं पहिल्यांदा चार स्त्रियांना नियमित सदस्य म्हणून निवडलं. त्यात आँरी होती. संस्था स्थापन झाली १७८५ मध्ये, म्हणजे तब्बल १६४ वर्षं लागली! सोबत गणिती भौतिकशास्त्रज्ञ शीला टिनी, वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिस क्लिंच आणि आयरिश भाषेच्या अभ्यासक एलेनॉर नॉट. पुढे १९६५ मध्ये आँरीनं कॉलेजात कलेतिहासाचा विभाग सुरू केला. त्याच वर्षी हेलन रो ही एकेकाळची जिल्हा ग्रंथपाल आयर्लंडच्या पुराणवस्तू अभ्यासकांच्या जुन्या सोसायटीची पहिली महिला अध्यक्ष झाली.

‘बुक ऑफ केल्स’वर आँरीचा मोठा ग्रंथ १९७४ मध्ये आला. विषय तोच, ज्याची नक्षी मार्गारेटनं १८६१ मध्ये उतरवली होती. फरक एवढाच, की या वेळी अभ्यास करणारीचं नाव पूर्ण छापलं होतं.

कधी डब्लिनला गेलात तर ट्रिनिटीत ‘बुक ऑफ केल्स’ जरूर बघा. आणि त्याआधी, उद्याच्या प्रेझेंटेशनचंही एक काम उरकून टाका. तुमच्या टीममधल्या ज्युनिअरनं बनवलेल्या चार्टखाली तिचं नाव आहे ना? पूर्ण नाव हं, नुसती इनिशियल्स नकोत.