होळीचं जेवण : वीस पानं, पन्नास पोळ्या

होळी फाल्गुनाच्या पुनवेला येते. त्या सुमारास हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो. गहूही निघालेला असतो, नाहीतर निघायला टेकलेला असतो. गुऱ्हाळं चालू असतात. बाजारात नवा गूळ मिळतो. डाळ, गहू आणि गूळ एका वेळी घरात आले, की पुरणपोळी व्हायचीच.

सणाला लेक-जावई येतात. व्याही-विहीण येतात. घर भरून जातं. मग सण झाल्यावर दोन बोलणी ऐकू येतात. एक, "पोळ्या कमी पडल्या." दुसरं, "वाण्याकडं उधारी झाली." तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. जिनं सगळ्या पोळ्या लाटल्या, ती रात्री उशिरा चुलीपुढं एकटी बसून उरलंसुरलं खाते. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी स्वयंपाकाच्या आधी हिशेब करावा लागतो.

पहिली गोष्ट माणसं मोजायची. आपल्याकडं हे काम असं चालतं :

"अहो, माणसं किती येतील?"

"येतील की दहा-पंधरा."

"दहा की पंधरा?"

"अगं, आता काय सांगू?"

हे 'काय सांगू' महागात पडतं. मोठं माणूस दोन ते तीन पोळ्या खातं. पाच माणसांचा फरक पडला, तर बारा-तेरा पोळ्यांचा फरक पडतो. म्हणून चार दिवस आधी कागद घ्या. घरातली माणसं लिहा. येणारी माणसं नावानिशी लिहा. ज्याचं नक्की नसेल त्याला निरोप धाडा, फोन करा. मुलाला एक पोळी धरा. समजा, लहानमोठी मिळून वीस पानं झाली. म्हणजे पन्नासेक पोळ्या लागतील.

एक किलो हरभऱ्याच्या डाळीच्या मध्यम आकाराच्या पस्तीस ते चाळीस पोळ्या होतात. पन्नास पोळ्यांना सव्वा किलो डाळ पुरते. गूळ डाळीइतकाच. फार गोड नको असेल तर किलोभर. कणीक दीड किलो. तांदूळ सव्वा किलो. तूप अर्धा किलो. यात चार साध्या पोळ्यांची कणीकही धरली आहे. ती कशाला, ते पुढं येईल.

घरातली म्हातारी माणसं 'शेरभर डाळ' म्हणतात. तेव्हा विचारून घ्यावं, की वजनाचा शेर की मापाचा? वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे किलोला थोडा कमी. मापाचा शेर वेगळा. नवी किलोची वजनं १९५८ सालापासून आली, तरी तोंडात शेर राहिलाच आहे.

मग कागदावर उभी रेघ मारा. डावीकडं 'घरात आहे' ते लिहा. उजवीकडं 'आणायचं आहे' ते. उजवी बाजू लांबलचक झाली, तर जिन्नस कमी करा. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, एक भाजी आणि कुरडई-पापड एवढ्यानं ताट भरतं. आणखी दोन भाज्या आणि श्रीखंड कशाला? ऋण काढून सण केला, तर पाहुणे दोन दिवसांत जातात आणि वाण्याचं देणं पावसाळ्यापर्यंत राहतं.

गूळ घेताना पिवळाधमक रंग पाहून भुलू नका. रंग उजळावा म्हणून कधी कधी त्यात रासायनिक पूड घालतात. तपकिरी गूळ चांगला. चिकीचा गूळ मात्र पुरणाला नको. त्यानं पुरण चिवट होतं. घेण्याआधी खडा तोंडात टाकून बघा. काही गूळ खारट असतो.

आता पुरण. डाळ निवडून धुवा. तासभर भिजवा. डाळीच्या चौपट पाणी उकळून त्यात डाळ टाका. चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घाला. डाळ बोटात दाबली की मोडली पाहिजे. गूळ आधी घालू नका. कच्च्या डाळीत गूळ पडला, की डाळ लवकर शिजत नाही. मग कितीही जळण घाला, दाणा राहतोच.

शिजलेली डाळ रोळीत किंवा चाळणीत ओता. खाली पातेलं ठेवा. जे पाणी गळतं तोच कट. डाळ चांगली निथळू द्या. पाणी राहिलं तर पुरण सैल होतं आणि पोळी फुटते. निथळलेल्या डाळीत गूळ घालून चुलीवर ठेवा. आधी ते पातळ होईल. घाबरू नका. ढवळत राहा. घट्ट होत आलं, की मधोमध उलथनं उभं करा. ते पडलं नाही, तर पुरण झालं. जायफळ, वेलदोडा घाला. गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढा किंवा पाट्यावर वाटा. गार झालं तर हात दुखून येतात. पुरण वाटायला जोर लागतो. हे काम घरातल्या दादांनी करावं. त्यात कमीपणा कसला?

कणीक बारीक चाळून सैल भिजवा. तेलाचा हात लावून चांगली तिंबा आणि दोन तास झाकून ठेवा. खानदेशात हेच पुरण भरून खापरावर मोठाले मांडे करतात. कोकणात तेलावर पोळी लाटतात. तुमच्या घरची रीत तुम्ही पाळा.

कटाबद्दल मात्र सावध राहा. सकाळी काढलेला कट संध्याकाळपर्यंत तसाच ठेवू नका. फाल्गुनात ऊन तापायला लागतं. कट लवकर आंबतो. काढल्या काढल्या त्याची आमटी करा आणि वाढण्याआधी पुन्हा खळखळ उकळा. आमटीत चिंच असते. म्हणून ती कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात करू नका. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो आणि माणसाला ओकाऱ्या होतात. पितळेला कल्हई नसेल तर स्टीलचं पातेलं घ्या. भात सगळ्यांत शेवटी लावा. सकाळचा भात रात्री पाहुण्यांना वाढू नये.

आता वेळेचा हिशेब करू. एक पोळी तव्यावर साधारण तीन मिनिटं घेते. पन्नास पोळ्यांना दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास झाले. दोन तवे ठेवले तर सव्वा तास. नैवेद्य दाखवून आठला पंगत बसवायची असेल, तर पाचला तवा तापला पाहिजे. एकीनं लाटावं, दुसरीनं भाजावं. भाजलेल्या पोळ्या टोपल्यात कापडावर ठेवाव्या. पुरण सकाळीच झालेलं असलं, तरच हे जमतं.

पुष्कळ घरांत तव्यावरची पोळी थेट ताटात वाढायची चाल आहे. पोळी गरम लागते हे खरं. पण त्यापायी घरची बाई पंगतीभर चुलीपाशी अडकते. मला हे पटत नाही. टोपल्यातल्या मऊ पोळीवर तूप घालून खाल्लं, तर कोणा जावईबापूंचा मान कमी होत नाही. वाढायला पोरं घ्या. सासूबाई, सुना, जावा सगळ्यांना पंगतीत बसवा.

पाहुण्यांत कुणाला मधुमेह असला, तर त्याला आग्रह करू नका. त्याच्यासाठीच त्या चार साध्या पोळ्या. त्या आधीच करून ठेवा, म्हणजे त्या माणसाला मागावं लागत नाही. ऐन वेळी कुणी आगंतुक आलंच, तरी त्या कामी येतात.

पंगत उठल्यावर उरलेल्या पोळ्या गार होऊ द्या आणि मग झाका. गरम झाकल्या तर पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी त्या दुधाबरोबर छान लागतात. आमटी उरली तर उकळून ठेवा. सकाळी पुन्हा उकळा. वास घेऊन बघा. वास आंबूस आला तर ती टाकून द्या.