शिडाची नौका : रुंदी आणि स्थैर्य

घर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम खोल्या मोजतो; पाया त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. शिडाची प्रवासी नौका पाहावयास आलेल्या कुटुंबाचीही गोष्ट अशीच असते. धक्क्याला बांधलेल्या नौकेंत पाऊल टाकतांच प्रशस्त बैठक, निजावयाच्या दोन-तीन खोल्या आणि स्वयंपाकाची ऐसपैस जागा हींच डोळ्यांत भरतात. ह्या साऱ्या सोयी रुंदींतून निर्माण होतात. परंतु नौकेचें खरें मोल खोल समुद्रांत, वादळी रात्रीं ठरतें. आणि तेथें रुंदीचा हिशेब अगदीं निराळा होतो. ‘काँटेसा 32’ ह्या इंग्लिश नौकेच्या उदाहरणावरून तो चांगला उमगतो.

डेव्हिड सॅडलर ह्यांनीं आराखडा केलेली ही नौका इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन येथें जेरेमी रॉजर्स ह्यांच्या कारखान्यांत बांधली जाऊं लागली. 1972 च्या लंडन येथील नौकाप्रदर्शनांत तिचा गौरव झाला आणि पुढें अशा सातशेंहून अधिक नौका पाण्यावर आल्या. तिची लांबी 32 फूट, पाण्याच्या रेषेवर 24 फूट. रुंदी अवघी साडेनऊ फूट. एकंदर वजन सुमारें 9,500 पौंड. त्यांपैकीं सुमारें 4,500 पौंड, म्हणजे जवळजवळ निम्में, केवळ तळाशीं पाण्यांत उतरलेल्या जड पात्यांत सांठविलेलें आहे. ह्याच लांबीच्या आजच्या नौका बहुधा अकरा फुटांच्या आसपास रुंद असतात.

नौका सरळ उभी राहते ती दोन कारणांनीं : एक रुंदी आणि दुसरें तळाचें वजन. ह्या दोहोंचे स्वभाव भिन्न आहेत. पाण्यावर टाकलेली रुंद फळी सहसा कलत नाहीं. पण एकदां उलटली म्हणजे ती उलटीच तितक्याच स्वस्थपणें तरंगत राहते. उलटपक्षीं, बुडाशीं शिसें भरलेली बाहुली बोटाच्या धक्क्यानेंही कलते. परंतु आडवी पाडली तरी बोट काढतांच ती पुन्हा उभी राहते. रुंद, हलकी नौका फळीच्या जातीची. अरुंद आणि तळाशीं जड असलेली नौका बाहुलीच्या जातीची.

ह्या भेदाचा अर्थ 1979 च्या ऑगस्ट महिन्यांत सर्वांस कळून चुकला. इंग्लंडमधील काऊज येथून निघून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला परतण्याच्या शर्यतींत 303 नौका उतरल्या होत्या. 13 तारखेच्या रात्रीं भयंकर वादळ उठलें. अनेक नौका लाटांच्या माऱ्यानें आडव्या झाल्या, कित्येक पूर्णपणें उलटल्या. शर्यतींतील 15 जणांना प्राण गमवावे लागले. 24 नौका खलाशांनीं सोडून दिल्या. त्यांतील बहुतेक नंतर रिकाम्या, पण तरंगत असलेल्या सांपडल्या. शर्यत पुरी केली ती केवळ 85 नौकांनीं. सर्वांत लहान वर्गांतून शेवटपर्यंत पोंचलेली नौका एकच होती. ती ‘असेंट’ नांवाची ‘काँटेसा 32’.

नंतरच्या चौकशींत ‘काँटेसा’ची तुलना तिच्याएवढ्याच, पण रुंद व हलक्या अशा शर्यतीच्या एका नौकेशीं करण्यांत आली. सरळ उभी असलेली नौका शून्य अंशावर आणि पूर्ण उलटी झालेली 180 अंशांवर, असें हें माप धरतात. ती रुंद नौका सुमारें 117 अंशांपर्यंत कलली तर सांवरे. त्यापुढें ती उलटी होऊन तशीच राहण्याचा संभव होता. ‘काँटेसा’ सुमारें 155 अंशांपर्यंत सांवरून येई. पुरती उलटली तरी पुढच्या एखाद्या लाटेचा हेलकावाही तिला सरळ करण्यास पुरेसा होता. उलट्या नौकेंत कोंडलेल्या किंवा तिच्या दोरानें जखडलेल्या मनुष्याच्या दृष्टीनें ह्या आंकड्यांतील अंतर म्हणजे जीवन-मरणाचें अंतर होय.

ह्या सुरक्षिततेची किंमत मात्र द्यावी लागते. ‘काँटेसा’चा कांठ पाण्याजवळ असल्यामुळें लाटांचे तुषार वरच्या माणसांना भिजवितात. आंतील खोली चिंचोळी. सहा फुटांहून उंच मनुष्याला मान वांकवावी लागते, आणि सहा जण एकत्र जेवावयास बसले म्हणजे कोपराला कोपर लागतें. पण समुद्रावरील सुख बंदरांतील सुखाहून वेगळें असतें. नौका कलली असतां अरुंद खोलींत हात पुढें करतांच आधार सांपडतो. प्रशस्त दिवाणखान्यांत मनुष्य एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळतो. सपाट बुडाची हलकी नौका समोरच्या लाटेवर आपटते. ‘काँटेसा’ ती लाट कापीत जाते, आणि आंत निजलेल्याला झोंप लागूं शकते.

वेगाचाही विचार केला पाहिजे. अशा नौकेचा पल्ला पाण्याच्या रेषेवरील लांबीनें बांधलेला असतो. 24 फुटांच्या रेषेला ताशीं सुमारें साडेसहा सागरी मैलांपुढें जाणें कठीण. पाठीमागून वारा असतां रुंद, हलकी नौका तिला सहज मागें टाकील. परंतु वाऱ्याच्या रोखानें तिरकस चढत जावयाचें असेल, तर ‘काँटेसा’चें खोल पातें पाण्यांत घट्ट रुततें, ती बाजूस फारशी घसरत नाहीं आणि आपला मार्ग सोडीत नाहीं. वादळांत खडकाळ किनारा टाळावयाचा असतां हाच गुण कामास येतो.

म्हणून रुंद नौका वाईट, असें म्हणणें योग्य होणार नाहीं. उन्हाळ्यांतील चार दिवस मुलांबाळांसह किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडणाऱ्या कुटुंबाला तीच सोयीची. प्रश्न आहे तो कोणत्या पाण्यावर जावयाचें हा. त्याचें उत्तर अगोदर ठरवून मगच खोल्या मोजाव्यात. ज्या ‘असेंट’नें 1979 चें तें वादळ पाहिलें, तीच चिंचोळी नौका पुढें आर्क्टिकच्या आणि अंटार्क्टिकच्या बर्फाळ समुद्रांपर्यंत जाऊन सुखरूप परतली.