मोठा आवाज, लहान आवाज : श्रवणशिक्षणाचा पहिला पाठ

इयत्ता पहिलीच्या वर्गात शिक्षक मुलांना टाळ्या वाजविण्यास सांगतात. मुले टाळ्यांचा कडकडाट करतात. मग "आता हळू वाजवा" अशी सूचना होते. काहींच्या टाळ्या नाजूक होतात. काही मुले मात्र तितक्याच मोठ्याने, परंतु थांबून थांबून टाळ्या वाजवितात. त्यांना समज कमी आहे असे मानणे अन्यायाचे होईल. घरी ‘हळू चाल’ म्हणजे सावकाश चाल आणि ‘हळू बोल’ म्हणजे लहान आवाजात बोल. ‘जोरात’ या शब्दाचेही तसेच. मुलाने दोहोंपैकी एक अर्थ घेतला, इतकेच.

शब्दांची निश्चिती. आवाजाचे तीन गुण मुलांच्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात : तीव्रता, उच्चनीचता आणि वेग. म्हणून पाठापुरते तीन शब्दयुग्म ठरवून घ्यावेत. तीव्रतेसाठी ‘मोठा-लहान’, उच्चनीचतेसाठी ‘जाड-बारीक’, वेगासाठी ‘जलद-सावकाश’. ‘हळू’ व ‘जोरात’ हे शब्द या पाठात टाळावेत.

साधनाची निवड. पुष्कळदा मोठ्या आवाजासाठी ढोल व लहान आवाजासाठी घुंगरू घेतले जाते. यात आवाजाचा लहानमोठेपणा व जाडबारीकपणा दोन्ही एकदम बदलतात आणि ‘जाड तो मोठा’ अशी चुकीची समजूत रुजते. वस्तुतः आगगाडीच्या शिटीचा आवाज बारीक असूनही मोठा असतो. म्हणून साधन एकच असावे. तान्ह्या पोळ्यासाठी सजविलेल्या लाकडी नंदीच्या गळ्यातील घंटी, घरची थाळी किंवा शाळेतील डफ यांपैकी काहीही चालेल. तेच साधन, त्याच ठिकाणी, त्याच वेगाने, एकदा मोठ्याने व एकदा लहान आवाजात वाजवावे.

पाठाचा क्रम. प्रथम अर्धा मिनिट शांतता पाळून मुलांना बाहेरचे आवाज ऐकू द्यावेत. नंतर मुलांच्या डोळ्यांसमोर थाळी वाजवावी. मोठ्या आवाजाला हात वर, लहान आवाजाला हात मांडीवर. त्यानंतर हीच कृती पडद्याआड करावी. मारिया माँटेसरी यांनी इंद्रियशिक्षणासाठी ध्वनिपेट्यांच्या जोड्या वापरल्या. महागडी साधने खेड्यांना परवडत नाहीत हे ओळखून ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली सुरू केलेल्या बालशिक्षणकार्यात परिसरातील वस्तूंनाच साधनांचे स्थान दिले. त्याच वाटेने जाऊन सारख्या आकाराच्या अपारदर्शक डब्यांत खडे, तुरीची डाळ, ज्वारी व बारीक रेती भरावी. प्रत्येक वस्तूचे दोन डबे करून घट्ट बंद करावेत. आरंभी खडे व रेती एवढाच भेद ओळखण्यास द्यावा. मग जोड्या जुळवाव्यात. शेवटी मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावावा. डबे हलविण्याचा जोर सारखा राहील हे पाहावे.

पडद्याचे महत्त्व. मुले कानांनी जितके ऐकतात तितकेच डोळ्यांनीही हेरतात. शिक्षकांचा हात उंच गेला की आवाज मोठा होणार, हे त्यांना चटकन कळते. ऐकण्यास कमी असलेले मूल याच युक्तीने महिनोन् महिने निभावून नेते, आणि पडद्याआडच्या पाठातच त्याची अडचण उघड होते. एखादे मूल लहान आवाज वारंवार चुकवीत असेल तर त्याला रागवू नये. दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, त्याच्या पाठीमागून, आधी एका व मग दुसऱ्या बाजूने पुन्हा पाहावे. सर्दी, कानातील मळ किंवा कान वाहणे यांमुळेही ऐकणे तात्पुरते मंदावते. वाहत्या कानात तेल अगर रस घालू नये, असे पालकांना समजावून सांगावे. अशा मुलाची नोंद करून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ती दाखवावी. पथक येण्यास अवकाश असल्यास पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तोपर्यंत त्यास पुढे, शिक्षकांचे तोंड दिसेल असे बसवावे.

हा पाठ दहा मिनिटांचा आहे. परंतु ज्या मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसणार होता, त्याला वस्तुतः ऐकूच येत नव्हते हे त्या दहा मिनिटांत कळू शकते. तेवढ्यासाठी तरी तो प्रत्येक पहिलीच्या वर्गात, वर्षारंभीच, घेतला जावा.