दीड टन बर्फ

चेन्नईत मरीना किनाऱ्यालगतच्या कामराजर सालैवर एक गोलसर, गुबगुबीत इमारत उभी आहे. माथ्यावर अननसाच्या आकाराचा कळस. दारावरच्या पाटीवर नाव ‘विवेकानंदर इल्लम’. पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘ऐस हौस’. शेजारचा बसथांबा आइस हाउस, पोलीस ठाणं आइस हाउस, अख्खी वस्तीच आइस हाउस. पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर, १८९७च्या फेब्रुवारीत, स्वामी विवेकानंद इथे नऊ दिवस राहिले होते आणि आज आत त्यांच्यावरचं प्रदर्शन आहे. इमारत मात्र १८४२च्या सुमारास बांधली गेली ती बर्फ साठवायला. हा बर्फ यायचा थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून.

मे महिन्यात चेन्नईत ‘कत्तरी’ ऊन लागतं, तेव्हा फ्रीजमधून काढलेला बर्फाचा खडा सरबतात दहा मिनिटं तग धरत नाही. मग सुएझ कालवाही नव्हता त्या काळात, आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिने शिडाच्या जहाजात काढलेला बर्फ मद्रासला पोचायचा कसा?

या धंद्याचा जनक फ्रेडरिक ट्यूडर. लोक त्याला ‘आइस किंग’ म्हणत. आधी चेष्टेने, मग आदराने. १८०६ मध्ये त्याने बर्फाचं पहिलं जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवलं आणि चांगलाच बुडाला. बर्फ पोचला, पण तो ठेवायला जागा नव्हती आणि घेणाऱ्यांना त्याचं करायचं काय हे ठाऊक नव्हतं. पुढची बरीच वर्षं कर्ज आणि तुरुंगाच्या वाऱ्यांत गेली. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कोलकात्याला निघालं. सप्टेंबरात ते पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पाठोपाठ मुंबई आणि मद्रासही या व्यापारात आली. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, ही त्या काळातली मोठी बातमी होती म्हणतात. तिन्ही शहरांत बर्फघरं बांधली गेली. कोलकात्याचं आणि मुंबईचं पडलं, मद्रासचं तेवढं उरलं.

मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाजं खोल समुद्रात नांगर टाकून थांबायची आणि माल काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या ‘मसुला’ होड्यांतून, फुटत्या लाटांवर आपटत किनाऱ्यावर यायचा. खिळे मारलेली होडी त्या लाटांत फुटायची. शिवलेली होडी वाकायची, पण टिकायची. बर्फघर समुद्राच्या तोंडाशी बांधण्यामागचं कारण उघड आहे, एकेक पाऊल म्हणजे वितळणारा पैसा होता. आज तिथून पाण्यापर्यंत पोचायला बरीच वाळू तुडवावी लागते. बंदराचे धक्के बांधल्यानंतर त्यांच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि समुद्र मागे सरकला.

आता बर्फ टिकण्याचं गणित. एक किलो बर्फ शून्य अंशावर आहे. त्याचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे हात घालवणार नाही इतकं तापतं. वितळताना बर्फ उष्णता गिळत राहतो आणि थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही. शाळेत आपण याला ‘अप्रकट उष्मा’ म्हणून पाठ केलं, परीक्षेत दोन गुण मिळवले आणि विसरलो. ट्यूडरचा सगळा धंदा या दोन गुणांवर उभा होता.

दुसरी गोष्ट आकाराची. उष्णता शिरते ती पृष्ठभागातून आणि वितळायचा असतो तो सगळा ऐवज. एक मीटर लांब-रुंद-उंच बर्फाचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. त्याचेच फ्रीजमधल्यासारखे तीन-तीन सेंटिमीटरचे खडे केले, की पृष्ठभाग होतो २०० चौरस मीटर. बर्फ तेवढाच, पण उन्हाला दारं तेहतीसपट. म्हणून ग्लासातला खडा मिनिटांचा पाहुणा ठरतो आणि जहाजाच्या पोटातला डोंगर महिनोन् महिने राहतो. १८२५ मध्ये नॅथॅनियल वायथने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर काढला. त्याने तळ्यावर चौकटी आखून सारख्या मापाच्या चौकोनी लाद्या कापता येऊ लागल्या. फरशा बसवाव्यात तशा त्या एकमेकींना चिकटवून रचायच्या. मध्ये फटी उरल्या नाहीत, म्हणजे हजार लाद्यांचा जणू एकच ठोकळा. भोवती लाकडाचा भुसा. मेन राज्यातल्या लाकूडगिरण्यांत हा भुसा कचरा म्हणून पडून असायचा. भुशाच्या कणांत अडकलेली हवा हलत नाही आणि न हलणारी हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते. भुसा ओला झाला की मात्र खेळ संपला. म्हणून वितळलेलं पाणी सतत काढून टाकणं हे बर्फ राखणाऱ्याचं खरं काम असायचं. गोणपाटात गुंडाळलेली लादी हातगाडीवरून नेणारा आजचा बर्फवाला याच कुळातला.

याचा एक नमुना हेन्री डेव्हिड थोरोने आपल्या ‘वॉल्डन’ (१८५४) या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. १८४६-४७च्या हिवाळ्यात बर्फ-कंत्राटदारांची शंभरेक माणसं वॉल्डन तळ्यावर उतरली, लाद्या कापल्या आणि काठावर ३५ फूट उंच ढीग रचला. अंदाजे दहा हजार टन. वर गवत आणि फळ्या. पुढच्या जुलैत वरचं आच्छादन काढून काही बर्फ नेला, उरलेला तसाच उन्हात पडून राहिला. तो पूर्ण वितळायला १८४८चा सप्टेंबर उजाडला. याच तळ्याचं पाणी मद्रास-मुंबई-कोलकात्याचे लोक पिणार, या कल्पनेने थोरो हरखला होता. त्याच्या डोळ्यांदेखतचा ढीग बहुतेक जागीच विरघळला, हा भाग वेगळा.

तळ्यातला बर्फ विकला जायचा त्याला आणखी एक कारण होतं. तो काचेसारखा नितळ असायचा.

फ्रीजमधला खडा उजेडासमोर धरून पाहावा. कडा स्वच्छ, पण पोटात पांढरट ढग. आणि नीट पाहिलं तर त्या ढगातून बाहेर निघालेल्या केसासारख्या बारीक रेषा. ही सगळी हवा. थंड पाण्याच्या एका लिटरमध्ये वीस-पंचवीस मिलिलिटर हवा विरघळलेली असते. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळी विणतात आणि त्या जाळीत परक्याला जवळपास जागाच नसते: ना हवेला, ना क्षाराला, ना साखरेला. सगळे पुढे ढकलले जातात. ट्रेच्या कप्प्यात थंडी सहाही बाजूंनी येते, त्यामुळे आधी बाहेरचं कवच गोठतं आणि ढकललेली हवा मधोमध कोंडली जाते. शेवटचं पाणी गोठतं तेव्हा ती बुडबुडे होऊन तिथेच अडकते. शिवाय गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. आतल्या पाण्याला जायला जागा राहत नाही, मग ते कवच फोडून वर येतं. खड्याच्या डोक्यावरचं टेंगूळ हे त्याचंच.

तळ्यात थंडी फक्त वरून येते. पाणी सर्वांत जड असतं चार अंशांना, म्हणून ते तळाशी बसतं आणि त्याहून थंड पाणी वर तरंगत गोठतं. बर्फाचा थर वरून खाली वाढतो आणि हवा, गाळ, क्षार सगळं खालच्या मोकळ्या पाण्यात ढकलत जातो. कोंडणारं कोणी नसतं. हे घरी करून पाहता येतं. छोट्या थर्माकोलच्या डब्यात पाणी भरून, झाकण न लावता तो फ्रीजरमध्ये ठेवावा. बाजूंनी आणि खालून थंडीला वाट बंद, त्यामुळे गोठणं वरून सुरू होतं. तळाचं पाणी गोठायच्या आत ठोकळा बाहेर काढला, तर त्यातून वर्तमानपत्र वाचता येतं. पाणी दोनदा उकळून घ्यावं, हा घरोघरीचा सल्ला थोडासाच कामाचा आहे. हवा काही प्रमाणात जाते, पण थंडी सहा बाजूंनी येत राहिली तर ढग धरतोच.

साखरेला जागा नसते याचा पुरावा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी पोराने चोखलेला आहे. प्लॅस्टिकच्या नळीतल्या ‘पेप्सीकोला’चं टोक दाताने तोडून जोरात ओढलं, की रंग आणि गोडी तोंडात येते आणि नळीत उरतो फिकट, बेचव बर्फ. स्फटिक शुद्ध पाण्याचे असतात. पाक त्यांच्या फटींत बसलेला असतो. समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या जवळपास गोठतं तेव्हाही मीठ असंच बाहेर पडतं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मिंजूर आणि नेम्मेलीच्या प्रकल्पांवर चेन्नईची तहान आज बरीच अवलंबून आहे. तिथे पाणी गाळलं जातं दाबाने. गोठवूनही ते होऊ शकतं आणि पाण्याची वाफ करण्यापेक्षा बर्फ करताना सातपट कमी उष्णता हलवावी लागते. अडचण एकच, फटींतलं खारं पाणी धुऊन कसं काढायचं? पोरं ते चोखून काढतात, कारखान्याला ते स्वस्तात जमलेलं नाही.

बर्फासाठी अमेरिकेची वाट पाहण्याआधी हिंदुस्थानात बर्फ होतच नव्हता असं मात्र नाही. अलाहाबादपासून बंगालपर्यंत थंडीच्या रात्री लोक उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडं पसरायचे आणि त्यावर मातीच्या बिनझिलईच्या थाळ्यांत बोटभर पाणी ठेवायचे. हवा शून्याच्या वर असली तरी पहाटे पाण्यावर बर्फाची पापडी धरायची. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्करने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पद्धतीचं वर्णन मांडलं. पाणी आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे उत्सर्जित करून हवेहूनही थंड होतं आणि खालची चिपाडं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत, हे कारण नंतर कळलं. विल्यम चार्ल्स वेल्सच्या दवावरच्या १८१४च्या निबंधाने त्याची दिशा दाखवली. मद्रासला हे जमणं शक्य नव्हतं. समुद्राकाठच्या दमट हवेतली वाफ रात्रीच्या आकाशावर गोधडी पांघरते आणि तिथली जानेवारीची पहाटही वीस अंशांच्या आसपास असते.

मद्रासच्या बर्फघराचा काळ जेमतेम तीस-चाळीस वर्षांचा. १८७४ मध्ये मद्रासमध्येच इंटरनॅशनल आइस कंपनी निघाली आणि यंत्रावर बर्फ होऊ लागला. काही वर्षांत अमेरिकेची जहाजं थांबली. रिकामी इमारत उच्च न्यायालयाचे वकील बिळिगिरी अय्यंगार यांनी घेतली, भोवती व्हरांडे काढले आणि न्यायमूर्ती कर्नन यांच्या नावावरून तिला ‘कॅसल कर्नन’ म्हणू लागले. उष्णता आत येऊ नये म्हणून बांधलेल्या घरात माणसांना वारा मिळवून देण्याची ती खटपट होती. पुढे भगिनी सुब्बलक्ष्मींच्या प्रयत्नांतून इथे बालविधवांसाठी वसतिगृह चाललं.

यंत्राचा बर्फ आज चेन्नईत पाहायचा तर काशिमेडूच्या मासळी बंदरावर जावं. पत्र्याचे उभे डबे पाण्याने भरून उणे तापमानाच्या मिठाच्या पाण्यात बुडवतात. लादी बाहेरून आत गोठते, म्हणजे फ्रीजमधल्या खड्याचाच मोठा भाऊ, आणि म्हणून तिच्या पोटातही पांढरी रेघ राहते. ती टाळायची तर गोठत्या पाण्यात नळीने हवा सोडून ते ढवळत ठेवतात, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. हवा घालवायला हवाच सोडायची, हे ऐकायला उलटं वाटतं. मासळीला मात्र रंगाचं सोयरसुतक नाही. मशीनमधून चुरा झालेला बर्फ होडीत भरला, की तो वितळत वितळत मासा शून्य अंशावर धरून ठेवतो आणि त्याचं पाणी फटींत शिरून सगळीकडून थंडावा देतं.

आणि चेन्नईत कुणी काशिमेडूला गेलं नाही, तरी बर्फाचं माप रोज वापरतं. ‘दीड टनाचा एसी’ म्हणतात तो दीड टन यंत्राच्या वजनाचा नसतो. दोन हजार पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना खोलीतून जेवढी उष्णता शोषेल, तेवढी काढणारं यंत्र एक टनाचं. बर्फावर थंडावा मोजायची सवय असलेल्या काळात ठरलेलं हे माप शोरूममध्ये आजही चालू आहे. दीड टनाचा एसी पूर्ण जोमाने दिवसभर चालला, तर तो १,३६० किलो बर्फाचं काम करतो. कोलकात्याच्या गोदीत १८३३ मध्ये उतरलेला सगळा बर्फ असा एक बेडरूमचा एसी अडीच महिन्यांत संपवेल. कत्तरी ऊन लागल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत.