रग्बी : शिट्टी का वाजली?

रग्बी युनियन : संघात १५ खेळाडू, ४०-४० मिनिटांचे दोन डाव

• गुण : ट्राय ५ (१९९२ पूर्वी ४), कन्व्हर्जन २, पेनल्टी किक ३, ड्रॉप गोल ३.

• ट्राय : चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे पुरेसे नाही, तो जमिनीला टेकवावा लागतो. रेषेवर टेकला तरी ट्राय. कन्व्हर्जनची किक मात्र तो जिथे टेकला, त्याच्या सरळ रेषेतूनच मारायची. म्हणूनच रेषा ओलांडलेला खेळाडू, वाव असेल तर, कोपऱ्यातून खांबांच्या दिशेने धावतो.

• नॉक-ऑन : चेंडू हातून निसटून पुढे पडला तर स्क्रम, फेक प्रतिस्पर्ध्याची. मागे पडला तर खेळ चालूच.

• रक आणि मॉल : नवख्या प्रेक्षकाची सर्वाधिक गल्लत इथेच होते. चेंडू जमिनीवर आणि त्यावर दोन्ही संघांचे खेळाडू उभ्याने भिडलेले, तो रक. रक जमल्यावर चेंडूला नव्याने हात घालता येत नाही; पायाने मागे ओढायचा. चेंडू हातात, तो धरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने पकडलेले आणि साथीदारही बिलगलेला, तो मॉल. मॉल मुद्दाम पाडला तर पेनल्टी. दोन्हींत ऑफसाइडची रेषा आपल्या सर्वांत मागच्या खेळाडूच्या पायापाशी.

• ॲडव्हान्टेज : चूक दिसूनही पंच थांबतात, समोरच्या संघाला फायदा झाला नाही तरच खेळ मागे आणतात.

• पिवळे कार्ड : १० मिनिटे मैदानाबाहेर.

• सेव्हन्स : ७ खेळाडू, ७-७ मिनिटे. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून.