मोटारींतील तिसरें पेडल

सुखसोय एकदां घरांत शिरली कीं ती पुन्हां बाहेर जात नाहीं, असा सर्वसाधारण अनुभव आहे. विजेचे दिवे आले आणि समई देवापुरती उरली. परंतु अमेरिकेंत कांहीं लोकांनीं याच्या नेमकें उलट असें एक काम अंगीकारलेलें दिसतें. ट्रकमधील आपोआप गियर बदलणारी पेटी काढून टाकावयाची आणि तिच्या जागीं हातानें गियर बदलण्याची पेटी बसवावयाची, असा हा उद्योग आहे. आपल्याकडील मालमोटारी अद्याप बहुतांशीं हातानेंच गियर बदलून चालविल्या जातात; त्यामुळें वाचकांस याचें नवल वाटेल. म्हणून हें काम लोक कां करतात, त्यांत काय काय करावें लागतें, आणि संसारी माणसानें त्याच्या वाटेस जावें कीं नाहीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

अमेरिकेंत ट्रक म्हणजे केवळ अवजड लॉरी नव्हे. पुढें बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा असलेली ‘पिकअप’ गाडीही ट्रकच. शेतावर चारा नेण्यास, नाव किंवा घोड्यांची गाडी ओढण्यास आणि रविवारीं मंडळींस घेऊन जाण्यास घरोघर तीच एक गाडी राबते.

इंजिन एका ठराविक वेगांतच नीट काम देतें. चाकांना मात्र चढावर जोर हवा असतो व सपाटीवर वेग. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं मधें दांतेदार चक्रांची पेटी असते. पान्हार व लव्हासोर या फ्रेंच कारखान्यानें 1891 सालीं सरकत्या चक्रांची पेटी मोटारींत आणली. क्लच दाबून इंजिन व चाकें क्षणभर अलग करावयाचीं आणि दांडा सरकवून चक्रें बदलावयाचीं, ही रीत तेव्हांपासूनची. कॅडिलॅकनें 1928 सालीं सिंक्रोमेश रचना आणून ती सुलभ केली. पुढें 1939 सालीं जनरल मोटर्सनें ओल्ड्समोबिल गाडीसाठीं ‘हायड्रामॅटिक’ पेटी जाहीर केली आणि क्लचचें पेडलच नाहींसें झालें. इंजिनाचा जोर तेलाच्या द्वारें पुढें जाऊं लागला. हळूहळू ही सोय ट्रकांतही इतकी रुळली कीं फोर्डच्या अवजड पिकअप गाड्यांतून 2010 सालच्या नमुन्यानंतर आणि रॅमच्या गाड्यांतून 2018 च्या नमुन्यानंतर हातानें चालणारी पेटी बाद झाली. टोयोटाच्या टॅकोमा गाडीच्या 2024 सालच्या नमुन्यांत ती मिळत होती, हा अपवाद.

मग ही उलटी गंगा कशासाठीं? 1994 ते 2002 या काळांतील डॉज रॅम गाडीचें उदाहरण घेऊं. तींत कमिन्स कंपनीचें 5.9 लिटरचें सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन असे. निगा राखली तर हें इंजिन लाखों मैल चालतें. त्याच्यामागची आपोआप पेटी मात्र त्या मानानें लवकर थकते. जड ओझें ओढतांना टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल घसरून तापतें, जळतें, आणि आंतील चकत्या झिजतात. अशा वेळीं मालकापुढें प्रश्न उभा राहतो: हीच पेटी पुन्हां बांधून घ्यावी, कीं त्याच गाडीच्या हातगियरच्या नमुन्यांत येणारी एन्‌व्ही 4500 ही पांच गियरांची पेटी बसवावी? आपोआप पेटीचा पहिला गियर 2.45 पट आहे, तर या पेटीचा 5.61 पट. चिखलांतून ओझें ओढतांना हा फरक ध्यानांत येतो. शिवाय उतारावर खालचा गियर टाकला म्हणजे इंजिन व चाकें घट्ट जोडलेलीं राहतात आणि ब्रेकवरील भार कांहींसा हलका होतो.

परंतु हें काम पेटीच्या बदल्यांत पेटी इतकें सरळ नाहीं. एक भाग बदलला कीं त्याच्यामागून दहा बदलावे लागतात. टॉर्क कन्व्हर्टर व त्याची पातळ तबकडी काढून तेथें जड फ्लायव्हील, क्लचची तबकडी, प्रेशर प्लेट व बेअरिंगें बसवावीं लागतात. ब्रेकचें रुंद पेडल काढून दोन अरुंद पेडलांचा सांगाडा लावावा लागतो आणि क्लच दाबणाऱ्या तेलाच्या नळ्या जोडाव्या लागतात. गियरच्या दांड्यासाठीं गाडीच्या तळास भोंक पाडावें लागतें. पेटी पेलणारी आडवी तुळई व मागील चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्या लांबीस जुळवावा लागतो. पेटीचें वजन सुमारें 200 पौंड! तिचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशीं काटेकोर जुळला नाहीं, तर बेअरिंगें व क्लच अकालीं झिजतात. जाणते लोक म्हणून सुटे भाग गोळा करीत बसत नाहींत. अपघातांत मोडलेला त्याच नमुन्याचा हातगियरचा ट्रक शोधतात आणि त्याचें सर्व साहित्य एकदम उचलतात.

सर्वांत अधिक काळजी विजेच्या तारांची. आपोआप पेटी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्यें असल्याखेरीज गाडी सुरू होऊं नये, अशी कळ मूळच्या पेटींत असते. ती पेटी गेली कीं इंजिन सुरूच होत नाहीं. उतावीळ माणूस दोन तारा जोडून मोकळा होतो; मग गियरमध्यें असलेली गाडी किल्ली फिरवितांच पुढें उसळते. पुढें कोणी मूल उभें असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. या तारा क्लच पेडलच्या कळेस जोडणें हाच योग्य मार्ग. तसेंच आपोआप पेटीची ‘पार्क’ची अडसरही जाते, उभ्या गाडीची भिस्त मग हातब्रेकवर राहते, आणि तो निर्दोष असलाच पाहिजे. गाडींतील संगणकालाही नवी पेटी कळवावी लागते, नाहीं तर तो जुनी पेटी शोधीत बसतो व दोषाचा दिवा लावून ठेवतो.

इतका खटाटोप करून हातीं येणारी पेटीही निर्दोष नसते. एन्‌व्ही 4500 मध्यें पांचव्या गियरची चाकी सैल होण्याची खोड प्रसिद्ध आहे. नव्या गाड्यांत तर न्यायाचें पारडें उलट झुकतें. 2018 सालच्या रॅमचें इंजिन हातगियरबरोबर 660 पौंड-फूट जोरापुरतें मर्यादित होतें. सर्वांत दणकट आपोआप पेटीबरोबर तोच आंकडा 930 होता. तेव्हां जोरासाठीं किंवा काटकसरीसाठीं चांगली चालणारी नवी पेटी काढून टाकणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. गाडी जुनी, इंजिन दणकट, आपोआप पेटी निकामी आणि गाडी बरींच वर्षें ठेवावयाची, या चार गोष्टी जुळून आल्या तरच हा मार्ग पतकरावा.

पांचवी गोष्ट गाडीच्या खालीं नसून घरांत आहे. अमेरिकेंतील पुष्कळ तरुण माणसांनीं क्लचचें पेडल कधीं दाबलेलेंच नसतें. जी गाडी काल पत्नी, मुलगी व वृद्ध वडील असे सर्वजण चालवीत, ती या बदलानंतर एकट्या कर्त्या पुरुषाची होऊन बसते. आणि रात्रीं-बेरात्रीं तोच आजारी पडला तर दवाखान्याची वाट दारांतच अडते. म्हणून पहिला नट सैल करण्यापूर्वीं घरांत गाडी कोण कोण चालवितें हें विचारावें, आणि त्या प्रत्येकास क्लच शिकविण्याचे दोन-चार रविवार खर्चाच्या हिशेबांतच धरावे. तेवढी तयारी असेल, तर बदल सर्वांच्या उपयोगी पडेल. नसेल, तर जुनीच पेटी पुन्हां बांधून घेणें उत्तम.