टीव्हीला थाप मारली की चित्र का येते? जुन्या डब्याचा बिघाड पडद्यावरूनच असा ओळखा

सोनगीर (ता. जि. धुळे) : तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात भांड्याचा जोड सुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. जोड झाळला की भांडे पुन्हा वापरात येते. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीचे अनेक बिघाडही असेच सुटलेल्या जोडाचे असतात. बिघाड कुठे आहे, हे बऱ्याचदा पडदाच सांगतो. त्यासाठी मागचे कव्हर उघडण्याची गरज नसते, आणि घरच्या घरी ते उघडूही नये.

चित्र कसे तयार होते?
ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळतो आणि तिथला लेप उजळतो. ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी, म्हणजे योक, हा झोत आडवा-उभा फिरवते. भारतातील पाल पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात.

पडद्यावर मुंग्या दिसतात. टीव्ही बिघडला का?
बहुधा नाही. मुंग्या म्हणजे सिग्नल नाही. दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतांश ठिकाणी बंद केले. त्यामुळे छतावरचा जुना अँटेना फिरवून आता उपयोग नाही. फ्री डिशचा किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स एव्ही पिनने जोडावा. पिवळी पिन चित्राची, लाल व पांढरी आवाजाची. रिमोटवरून एव्ही निवडावे. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील, तर दोष टीव्हीत नसून डिश, केबल किंवा बॉक्समध्ये आहे.

मधोमध एकच आडवी रेघ का?
झोत आडवा फिरतो, पण वर-खाली जात नाही. दोष व्हर्टिकल सेक्शनचा असतो: तिथला आयसी, कोरडा पडलेला कपॅसिटर किंवा सुटलेला टाका. टीव्ही लगेच बंद करावा. सगळा झोत एकाच जागी पडत राहिला, तर पडद्यावर कायमचा चट्टा उमटतो.

थाप मारल्यावर चित्र का येते?
टीव्ही रोज तापतो आणि थंड होतो. त्याने सर्किटवरचे टाके तडकतात. मेकॅनिक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थापेने तडकलेला टाका तात्पुरता जुळतो, पण तडा वाढतच जातो. टाका पुन्हा मारणे हे तुलनेने सोपे काम आहे.

रंग का बिघडतात?
कोपऱ्यात हिरवे-जांभळे पट्टे दिसले, तर ट्यूबमधील धातूच्या जाळीत चुंबकत्व शिरलेले असते. शेजारचा मोठा स्पीकर दूर न्यावा. टीव्ही रिमोटने नव्हे, मुख्य बटणाने बंद करून अर्ध्या तासाने सुरू करावा. बहुतेक रंगीत संचांत सुरू होतानाच चुंबकत्व घालवणारी गुंडाळी असते. पडदा पूर्ण पिवळा दिसत असेल, तर निळा रंग गेलेला असतो. निळसर-हिरवा दिसत असेल, तर लाल.

कव्हर का उघडू नये?
रंगीत ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब लागतो. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ट्यूब आतून निर्वात असते. मानेला धक्का लागून ती फुटली, तर काचा उडतात. त्यामुळे कव्हर उघडणे हे मेकॅनिकचेच काम.

दुरुस्ती कधी, निरोप कधी?
रेघ, थाप किंवा आकसलेले चित्र असेल, तर मेकॅनिकला दाखवणे योग्य. पण टीव्ही तापल्यावरही चित्र अंधूक आणि पुसट राहत असेल, तर ट्यूबच थकलेली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा खर्च करण्यात अर्थ नाही.

मात्र योकमधल्या तांब्यासाठी संच घरी किंवा भंगारात फोडू देऊ नये. ट्यूबच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीचाही समावेश आहे. म्हणून संच अख्खाच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.